जिथे रेषा नाही तिथे

पडद्यावर एका ताऱ्याच्या वर्णपटाचे तीन आलेख एकाखाली एक लावून ठेवलेत; वाटेतल्या वायूने प्रकाश शोषला, की त्या तरंगलांबीला खाच पडते. वरच्यात 3.715 मायक्रॉनला खोल खाच. तळच्यात 3.534 ला दुसरी, उथळ पण निःसंशय. मधला, 3.620 चा, सपाट. गेले दोन महिने मी या सपाट तुकड्यातच गुंतलेय.

तारा धनु राशीत, आकाशगंगेच्या केंद्राजवळचा, सुमारे 26,000 प्रकाशवर्षांवरचा. तिथून निघालेला दृश्य प्रकाश धूळच गिळते. लाख कोटी फोटॉनांतला एखादा पोचतो. अवरक्तात, 2 मायक्रॉनच्या पुढे, दहातला एक तरी येतो. मला त्या ताऱ्याचं काही नको असतं. तो फक्त दिवा. त्याच्या अलीकडचा वायू बघायचा असतो.

त्या वायूची नाडी सांगतो एच थ्री प्लस: तीन प्रोटॉन, दोन इलेक्ट्रॉन, समभुज त्रिकोण. वैश्विक किरणाने हायड्रोजनच्या रेणूतला इलेक्ट्रॉन उडवला, की उरलेला आयन शेजारच्या रेणूला भिडतो आणि हा त्रिकोण जन्मतो. ताकेशी ओकांनी 1980 मध्ये प्रयोगशाळेत त्याचा अवरक्त वर्णपट टिपला. आंतरतारकीय ढगांत तो सापडायला 1996 उजाडलं. तेव्हा टॉम गेबल आणि ओका हवाईतल्या मौना केआवरच्या ब्रिटिश अवरक्त दुर्बिणीवर होते. सोळा वर्षांची ती चिकाटी मला फार मोठी वाटते.

आता त्या तीन आलेखांकडे. हा रेणू फिरतो, पण ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्यांवरच. 3.715 ची रेषा खालच्या पायरीवरून येते. तीत वाटेतल्या सर्पिल भुजांमधले थंड ढगही मिसळलेले असतात. 3.534 ची पायरी 361 केल्विन उंच. तिथे चढायला वायू उबदार हवा, आणि एकदा चढलेल्या रेणूला प्रकाश सोडून आपणहून खाली उतरता येत नाही. थंड ढगांत ही रेषा नसतेच, म्हणून ती दिसली की आपण केंद्राजवळच्या वायूतच आहोत. मधल्या, 3.620 च्या पायरीवरचा रेणू मात्र साधारण 27 दिवसांत घसरतो. वायू दाट असता तर टकरांनी ती पायरी पुन्हा भरत राहिली असती. ती रिकामी आहे, म्हणजे दोन टकरांमध्ये महिन्याहून जास्त काळ जातो. उबदार आणि अतिविरळ: घन सेंटिमीटरला शंभरेक कण, किंवा त्याहून कमी. रेडिओ निरीक्षणांनी केंद्राजवळचे दाट ढग दाखवले होते. हा विरळ वायू त्यांच्याच शेजारी, आणि तो विस्तीर्ण पसरलेला आहे.

म्हणूनच ऑगस्टच्या निरीक्षणांत 3.620 ला बारीक खाच दिसली तेव्हा माझी झोप उडाली. ती खरी असती तर घनतेचा सगळा हिशेब बदलला असता. मग एप्रिलचा वर्णपट काढला. एप्रिलमध्ये पृथ्वी धनु राशीच्या दिशेने जात असते, ऑगस्टमध्ये दूर. फरक सेकंदाला सुमारे 50 किलोमीटर. ताऱ्यांमधल्या वायूची रेषा तेवढी सरकायलाच हवी. वरची खाच सरकली, खालची सरकली. ही जागची हलली नाही. ती आपल्याच वातावरणाची होती: हवेच्या रेषा वजा करण्यासाठीचा तुलनेचा तारा आम्ही आकाशात जास्त उंचावर असताना घेतला होता, त्यामुळे हवेची वजाबाकी अपुरी राहिली.

दुरुस्ती करून दोन्ही महिने काल एकत्र केले. सपाट. तक्त्यात त्या रकान्यात मी शून्य लिहिलं नाही. मोजमापातल्या गोंगाटाच्या तिप्पट खोलीचा आकडा घातला आणि त्यापुढे ‘याहून कमी’.