एमआरआयमधल्या पांढऱ्या रेघा आणि पाण्याची बादली

कमरेच्या एमआरआयच्या रिपोर्टात मणक्यांमधल्या गादीबद्दल अर्धं पान आणि स्नायूंबद्दल एकच ओळ होती : मल्टिफिडसमध्ये फॅटी बदल. ही ओळ सहसा कुणी समजावत नाही, म्हणून सेंटरवरून सीडी मागून घेतली.

एल-४ एल-५ चा, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांजवळचा, आडवा छेद उघडला. मणक्याच्या मागच्या काट्याला दोन्ही बाजूंनी चिकटलेला स्नायू म्हणजे मल्टिफिडस. स्नायू करडा दिसतो, चरबी पांढरी. डावीकडे मटणाच्या तुकड्यात असतात तशा रेघा होत्या. पण एमआरआयच्या टी-२ प्रकारच्या चित्रात पाणीही पांढरं दिसतं, म्हणून तोच छेद टी-१ प्रकारात पाहिला, त्यात पाणी काळं दिसतं. तिथंही पांढराच, म्हणजे चरबी. स्नायूतली चरबी ठरवायच्या गुटालिए मोजणीत ० म्हणजे चरबी नाही, ४ म्हणजे स्नायूपेक्षा चरबी जास्त. माझं २.

ही पोटावरची चरबी नव्हे. बारीक माणसातही सापडते, वयाबरोबर वाढते, कंबर न दुखणाऱ्यांतही असते. जुनाट कंबरदुखीत ती जास्त दिसते खरी, पण दुखण्यामुळं स्नायू खंगतो की खंगल्यामुळं दुखतं, हा वाद मिटलेला नाही. एकाच बाजूला जास्त असेल तर दबलेल्या नसेची शंका घ्यायची, म्हणून फिजिओनं आधी पायाच्या अंगठ्याची ताकद तपासली. पाय लुळा पडला, लघवी अडकली किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर व्यायाम नाही, तडक दवाखाना.

पहिले चार आठवडे सतरंजीवर रांगण्याच्या स्थितीत उजवा हात-डावा पाय सरळ उचलायचा, मग उलट. १० सेकंद धरायचं, दोन्हीकडं सहा वेळा. इथं कंबर एका बाजूला कलते आणि काम भलत्याच स्नायूला जातं. कमरेवर पाण्याची वाटी ठेवली की चूक लगेच अंगावर येते!

मग वजन. १० लिटर पाण्याची बादली, कंबर न वाकवता खुब्यातून वाकून उचलायची, आठ-आठचे तीन फेरे. आठवड्याला एक लिटर वाढवायचं. सोलापुरात नळ रोज येत नाही. पाण्याच्या दिवशी बादल्या भरून वर व्यायामही केला आणि दोन दिवस कंबर धरली. आता पाण्याच्या दिवशी व्यायामाला सुट्टीच.

दुसरा एमआरआय काढला नाही. चरबी सहजासहजी ओसरत नाही. मोजमाप वेगळं : कॉटवर पालथं झोपून कमरेच्या वरचं अंग कडेबाहेर सरळ धरायचं, सेकंद मोजायचे. सुरुवातीला ३०, तिसऱ्या महिन्यात ८५. पाय दाबून धरणारा मात्र वजनदार हवा, घरातलं दहावीचं पोर कामाचं नाही.