तुम्ही विचारलंत म्हणून: जपानात जाऊन आपल्याच लोकांत का राहता?

पुण्याला सुट्टीवर आलो की हा प्रश्न ठरलेला. परवा एका लग्नात आतेबहिणीच्या यजमानांनी जिलबी मोडता मोडता विचारलं, "इतकी वर्षं तोक्योत राहताय, तरी शेजारीपाजारी सगळे आपलेच? मग जपानला गेलात कशाला?"

खरं सांगायचं तर निशी-कासाईला, म्हणजे तोक्योतल्या आमच्या या भारतीय वस्तीच्या भागात, मी आपली माणसं शोधत गेलो नव्हतो. २००७ साली घर बघत होतो, तर जो तो घरमालक जपानी जामीनदार मागे. वर 'रेकिन', म्हणजे मालकाच्या हातावर ठेवायची, कधीच परत न मिळणारी रक्कम. यूआर या निमसरकारी संस्थेच्या इमारतींत दोन्हीची कटकट नव्हती, आणि तोझाई या मेट्रो लाइनने ओतेमाची, निहोनबाशी, कायाबाचो हा सगळा बँकांचा भाग गाडी न बदलता गाठता येई. माझ्या आधी वायटूकेच्या, म्हणजे सन २००० उजाडताना संगणकांतल्या तारखा चुकू नयेत म्हणून निघालेल्या कामासाठी आलेल्या इंजिनियरांनीही हाच हिशेब केला होता. मग मसाल्यांची दुकानं आली, शाळा आली, आणि २०१९मध्ये आपले योगेंद्र पुराणिक आमच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडूनही गेले.

आमच्या मजल्यावर नागपूरचं एक कुटुंब होतं. दादांनी पहिल्याच भेटीत पगार विचारला. पुण्यात असतो तर या माणसाशी जिन्यातल्या नमस्कारापलीकडे गेलो नसतो. पण जळणारा कचरा कुठल्या वारी, बाटल्या कुठल्या वारी, हे त्यांनीच शिकवलं. वहिनींनी 'जोशिन्को' दाखवली: तिथल्या रोजच्या भाताच्या तांदळाची पिठी. उकड अशी येते की मोदकाची पारी फाटत नाही. खोबरं मात्र फ्रीझरमधलं.

आणि मग ११ मार्च २०११. दुपारी २:४६ला भूकंप झाला तेव्हा मी ओतेमाचीच्या ऑफिसात. गाड्या बंद, फोन लागेना. दहा-अकरा किलोमीटर चालत निघालो. फुटपाथ माणसांनी भरलेले, पण आवाज फक्त बुटांचा. आराकावाच्या पुलावर वारा झोंबत होता आणि डोक्यात एकच: आमचा अकरावा मजला, लिफ्ट बंद असणार, घरी बायको आणि दीड वर्षाची मुलगी.

पोचलो तर सगळे खालच्या बागेत चटया टाकून बसलेले. दादांनी मुलीला कडेवर घेऊन अकरा मजले उतरवलं होतं. वहिनी कुकर घेऊन खाली आल्या होत्या, अख्खा, शिट्टीसकट, कारण अर्धा शिजलेला भात टाकून येववेना. समोरच्या जपानी आजींनी ब्लँकेट आणून दिलं, त्यांचे उपकार विसरणार नाही. पण बायकोने नंतर सांगितलं ते असं: आजींसमोर ती "दायजोबु, दायजोबु", ठीक आहे, ठीक आहे, म्हणत हसत राहिली. वहिनींनी "घाबरलीस का गं?" विचारलं, तेव्हा कुठे रडली.

वैतागही याच मंडळींनी दिला. कोणाचं पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, झालं, कोणाच्या मुलाने जपानी शाळा सोडली, सगळं रविवारच्या आत सगळ्यांना ठाऊक. माझं जपानी कच्चं राहिलं ते यांच्यामुळेच. पुढे दादा-वहिनी नागपूरला परतले, आणि पहिला महिनाभर मला मजला फार शांत वाटला. इतका की करमेना.

गेल्या महिन्यात लिफ्टमध्ये एक नवं जोडपं भेटलं, कोल्हापूरचं. हातात सुपरमार्केटच्या पिशव्या, चेहरे भांबावलेले. खाली पोचेपर्यंत मी त्यांना कचऱ्याचे सगळे वार पाठ करवले. मुलगा बिचारा मान डोलावत होता. मग मी विचारलं, "कुठली कंपनी? पगार बरा देतात ना?"

बायकोने कोपर मारलं.