नजीबखान वाचता येईपर्यंत

आमच्या घरी पानिपताचा विषय निघाला की आजोबा रोहिला पठाणांचा सरदार नजीबखान याचं नाव दातओठ खात घ्यायचे. १० जानेवारी १७६० ला दिल्लीजवळ बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले ते याच्यामुळे, अब्दालीला बोलावलं ते यानेच. पण हा माणूस आला कुठून, हे त्यांनाही सांगता यायचं नाही. मला ते मराठी कागदांतूनच वाचायचं होतं, म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी मोडीच्या वर्गात नाव घातलं.

मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचं. शब्द सुटे नाहीत, पूर्णविराम नाही, ऱ्हस्वदीर्घ नाही. सगळ्यात छळलं ते ‘र’ने. शेजारचं अक्षर बदललं की त्याचं रूप बदलतं, त्यामुळे ‘रोहिले’पाशी मी रोज अडायचो. तारखांनी वेगळाच घाम काढला. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन (जुन्या मराठी कागदांत अरबी शब्दांत लिहिलेलं साल) ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०. हे साल मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारी १७६१ चं पानिपतही त्यातच येतं. हे एकदा डोक्यात बसलं आणि कागद बोलायला लागले.

मूळ कागद पाहायची परवानगी मिळायला पाच आठवडे गेले. विषय नीट लिहिला नाही म्हणून एकदा अर्ज परतही आला. पण रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचा कापडात बांधलेला गठ्ठा, सोडला, दत्ताजींनी नजीबखानाला शुक्रतालला गंगेकाठी वेढलं त्या मोर्च्यांच्या दिवसांतलं पत्र समोर आलं आणि चौथ्या ओळीत ‘नजीबखान’ माझं मला लागलं, तेव्हा हात थरथरत होते.

हा युसुफझाई पठाण रोहिलखंडात साधा जमादार म्हणून आला. १७५३ च्या दिल्लीतल्या यादवीत वजीर सफदरजंगाविरुद्ध मोगल बादशहाच्या बाजूने लढला आणि सहारनपूरचा फौजदार झाला. नजीबाबाद वसवलं, पत्थरगड किल्ला बांधला. १७५७ ला दिल्लीत तो मराठ्यांच्या हाती सापडलाच होता, पण मल्हारराव होळकर मध्ये पडले आणि रघुनाथरावांनी त्याला सोडलं. इथे मी वही मिटून बराच वेळ बसून राहिलो. पानिपतानंतर नऊ वर्षं दिल्ली त्यानेच सांभाळली. माझा राग गेलेला नाही, पण त्याचं राजकारण आपल्या सरदारांपेक्षा लांबचं पाहणारं होतं, हे मान्य करावंच लागतं.

१७७० मध्ये मरण्याआधी त्याने मराठ्यांशी जुळवून घेतलं आणि मुलगा झाबेताखान याचा हात तुकोजी होळकरांच्या हाती दिला. दोनच वर्षांत मराठी फौजांनी पत्थरगड घेतला. १७७२ च्या त्या कागदांसाठी मी आता नवा अर्ज दिला आहे. या वेळी विषय नीट लिहिलाय.