तवसाचं धोंडस : चौथी खेप

काल रात्रीचं धोंडस, म्हणजे पिकलेल्या काकडीचा कोकणी गोड केक, अखेर मनासारखं झालं. कडा खरपूस, मधला भाग ओलसर, आणि वडी उचलली तर मोडली नाही. तीन खेपा वाया गेल्या असं मी म्हणणार नाही, कारण चौथी त्यांच्यावरच उभी आहे. म्हणून सगळंच लिहून ठेवते.

साहित्य घरातलंच: जाडा रवा, गूळ, ओलं खोबरं, तूप, मीठ, वेलची. ना अंडं, ना मैदा, ना सोडा. आणायचं ते फक्त तवसं, म्हणजे कोकणात पावसाळ्यात वेलीवर पिकून पिवळट-तपकिरी झालेली मोठी काकडी. कोवळ्या काकडीला ती किंचित आंबूस चव आणि तो वास येत नाही. देठाकडचा तुकडा आधी चाखायचाच. कडवटपणा तिथे सगळ्यात जास्त असतो. कडू लागलं तर अख्खं तवसं बाजूला ठेवा, गुळाने तो कडवटपणा जात नाही.

पहिल्या खेपेला मी किस घट्ट पिळला आणि रवा साध्या पाण्यात शिजवला. चव अगदीच फिकी, गोडाच्या उपम्यासारखी. आत्याला फोन केला तर ती पहिल्यांदा तेच बोलली, "पाणी पिळलंस? मग त्यात तवसं राहिलं कुठं गो?" किती खरं आहे हे! तवसाचं पाणी हीच धोंडसाची चव. आता मी बियांचा मऊ गरसुद्धा गाळणीवर चोळून त्याचा रस काढते आणि किसातच घालते. रवा फुलतो तो याच रसात, वरून पाण्याचा थेंबही नाही.

दुसऱ्या खेपेला बारीक रवा होता. त्याचा चिकट गोळा झाला. जाडाच हवा, आणि तुपावर मंद आचेवर दहा-बारा मिनिटं तरी भाजायला हवा. रंग जरासाच बदलतो. खरी खूण म्हणजे खमंग वास, आणि उलथण्याखाली दाणे सुटे, हलके सरकायला लागतात.

माप आता पक्कं झालं: रसासकट किस 2 वाट्या, रवा 1 वाटी, चिरलेला गूळ पाऊण वाटी, खोबरं अर्धी वाटी, तूप 3 चमचे, मीठ पाव चमचा. मीठ विसरू नका, त्याशिवाय गूळ नुसताच गोड लागतो. किस आणि गूळ एकत्र उकळायचा, गूळ विरघळला की रवा आणि खोबरं घालून झाकण ठेवून वाफ आणायची. मिश्रण कडेने सुटायला लागलं की वेलची घालून भांड्यात थापायचं. भांड्याच्या तळाशी हळदीचं पान. उलटं केल्यावर त्याच्या शिरांचा ठसा वडीवर उमटतो आणि वास तर घरभर पसरतो.

तिसरी खेप गॅसवर केली, खाली जाड तवा ठेवून. खालून छान लागलं, वरून मात्र पांढरंच राहिलं. जुन्या घरांत पातेलं चुलीवर आणि झाकणावर निखारे, म्हणजे दोन्हीकडून आच. केक भट्टीत भाजतात तसंच हे काम, फक्त भट्टी चुलीवरच तयार व्हायची. म्हणून काल ओटीजी, म्हणजे विजेवरची छोटी भट्टी, वापरला: 180 अंशांवर 40 मिनिटं, दोन्ही रॉड चालू, आणि शेवटची 8 मिनिटं फक्त वरचा. वरून तूप सोडलं होतं, काजूचे तुकडे तांबूस झाले.

आणि मग थांबायचं. गरम असताना कापलं की रवा भगरा होतो. दोन तासांनी घट्ट बसतं. सकाळी खाल्लं तर आदल्या रात्रीपेक्षा चांगलं लागलं, सोबत घरचं लोणी होतं. घरात मुलीने कडेच्याच वड्या वेचून खाल्ल्या.

अर्धं तवसं शिल्लक आहे. रविवारी रव्याऐवजी तांदळाच्या कण्या भाजून बघणार आहे, आत्याच्या घरी तसंच करतात. कण्यांना रस किती जास्त लागतो हे कुणी मोजलं असेल तर जरूर सांगा.