बिलाची रांग, खालचा खण आणि अडीच वर्षांची मुलगी

सोलापुरातल्या कोणत्याही मोठ्या सुपरमार्केटमध्ये, मग ते होटगी रस्त्यावरचे असो, विजापूर रस्त्यावरचे असो की जुळे सोलापुरातले, बिलाच्या काउंटरला लागून असलेली मांडणी एकदा गुडघ्यांवर बसून पाहावी. कमरेच्या खालच्या खणांत बहुधा चॉकलेटे, जेलीच्या गोळ्या आणि आत खेळणे दडवलेली अंडी असतात, आणि ट्रॉलीत बसवलेल्या मुलाचा हात नेमका तिथपर्यंत पोहोचतो. दुकानात शिरलेले प्रत्येक गिऱ्हाईक जिथे थांबतेच अशी ही जागा असल्याने तिला मोल आहे, आणि अशा मोक्याच्या जागांसाठी कंपन्या दुकानांना वेगळे पैसे मोजतात. म्हणूनच रांगेत फतकल मारून रडणाऱ्या माझ्या अडीच वर्षांच्या मुलीविषयी कोणी ‘फार हट्टी झाली आहे’ असा शेरा मारला, तर तो मला मान्य होत नाही.

मंगळवार पेठेतल्या जुन्या किराणा दुकानात माल दुकानदाराच्या पाठीमागे असे आणि मागितल्याशिवाय हाती येत नसे. बरणीतली गोळी द्यायची की नाही हे दोन मोठी माणसे ठरवीत. नव्या दुकानात मोह थेट मुलाच्या हाताशी आणून ठेवला आहे, आणि तोही खरेदीच्या अगदी शेवटी, जेव्हा मूल दमलेले, भुकेलेले आणि कंटाळलेले असते. एप्रिल-मे महिन्यांत तर पारा चाळिशीपार गेल्यावर निम्मे गाव संध्याकाळी वातानुकूलित दुकानातच रेंगाळते, त्यामुळे रांगही संपता संपत नाही.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी केलेले प्रयोग अनेकांना ऐकून माहीत असतात. थोडा वेळ धीर धरलास तर अधिक आवडता खाऊ मिळेल, असे मुलांना सांगितले जाई. मात्र 1970 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगातला जो भाग मला महत्त्वाचा वाटतो, तो सहसा कोणी सांगत नाही. खाऊ नजरेआड ठेवला तेव्हा मुलांनी सरासरी 11 मिनिटे वाट पाहिली, आणि तोच समोर ठेवला तेव्हा जेमतेम 1 मिनिट. ही मुले साडेतीन वर्षांच्या पुढची होती. त्यांच्याहून लहान मुलीकडून उघड्या खणासमोर संयमाची अपेक्षा धरणे मला अन्यायाचे वाटते. तिला उपदेश करण्यापेक्षा खण तिच्या नजरेआड कसा राहील हे पाहणे अधिक उपयोगी आहे.

इंग्लंडमध्ये ही जबाबदारी दुकानांवरच टाकली आहे. ऑक्टोबर 2022 पासून तिथे 2,000 चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक दुकानांत अति साखर, मीठ किंवा चरबी असलेले ठरावीक पदार्थ काउंटरजवळ, प्रवेशद्वारापाशी आणि मांडण्यांच्या टोकांना ठेवता येत नाहीत. अमेरिकेतल्या बर्कली शहरानेही 2020 साली काउंटरपुरता असाच नियम केला. आपल्याकडे शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत असे पदार्थ विकण्यावर बंदी आहे, परंतु ज्या वयात मूल अजून शाळेतच जात नाही त्या वयाला तिचा फारसा उपयोग नाही.

तेव्हा जे करायचे ते आपणच. घरातून निघण्यापूर्वी मुलीला दूध-भाकरी खाऊ घालावी आणि तिच्या झोपेची वेळ टाळावी, या गोष्टी साध्या असल्या तरी निम्मे काम त्याच करतात. आम्ही दोघे बरोबर असलो तर रांगेत शिरण्याआधीच एकजण तिला घेऊन बाहेर पडतो. एकटाच असलो तर तिला माझ्या पलीकडच्या बाजूला, मांडणीकडे पाठ करून उभे करतो आणि एकेक जिन्नस काउंटरवर ठेवण्याचे काम देतो. साबणाची वडी ठेवण्यातही तिला मोठा मान वाटतो. एवढे करूनही रडे सुरू झालेच तर खाली बसून ‘तुला ते हवे आहे, पण आज घ्यायचे नाही’ इतकेच सांगतो. त्या क्षणी दातांच्या किडीवर व्याख्यान देण्यात अर्थ नसतो, कारण ऐकण्याच्या मनःस्थितीत तेव्हा कोणीच नसते, बापही नसतो. रडे आवरेनासे झाले तर सामान काउंटरवरच्या मुलीकडे सोपवून बाहेर जाऊन यावे. ते कोणी पळवून नेत नाही.

‘ते काका रागावतील’, ‘पोलीस येतील’, ‘ते चॉकलेट तिखट आहे’ ही आपल्याकडची ठरलेली अस्त्रे मात्र मी वापरत नाही. नकार माझा असताना तो रखवालदाराच्या नावावर खपवण्याचे कारण नाही, आणि तिखट म्हणून सांगितलेले चॉकलेट शेजारच्या मुलाच्या तोंडात दिसले की आपल्या पुढच्या शब्दालाही किंमत राहत नाही.

खरी अडचण मुलीची नसून भोवतालच्या प्रेमळ मोठ्यांची आहे. आपल्या शहरात मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत दयाळू आज्या रांगेत उभ्या असतात, आणि ‘एवढंसं चॉकलेट, कशाला रडवायलास लेकराला?’ या अर्थाचे वाक्य त्यांतल्या कोणत्याही भाषेत ऐकू येऊ शकते. माझी आईही त्यात आलीच. तिला मी एवढेच समजावले आहे की चॉकलेट द्यायचे तर पहिल्या मागणीलाच आनंदाने दे, रडून झाल्यावर देऊ नकोस. चार वेळा नाही म्हणून पाचव्या वेळी दिले की मूल सोरट लावल्यासारखे दर वेळी थोडे अधिक रडून पाहते, कारण कधीतरी बक्षीस लागते हे त्याला ठाऊक झालेले असते. कधीमधीच फळ मिळणारी सवय मोडायला सर्वांत अवघड असते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून फार पूर्वीच दाखवून दिले आहे. आईला स्किनर पटले नाहीत, सोरट मात्र पटले.

दुसरी अडचण सुट्या पैशांची. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून ती कमी झाली असली, तरी रोख दिले की अजूनही दोन रुपयांऐवजी दोन गोळ्या पुढे येतात, आणि त्याही थेट मुलीच्या हातात. सकाळपासून उभ्या असलेल्या त्या काउंटरवरच्या मुलीवर चिडण्यात काही हशील नाही. ‘गोळ्या नकोत, दोन रुपये राहू द्या’ असे हसून आधीच सांगितले की भागते. शिवाय कडक गोळी चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, त्यामुळे या बाबतीत भिडेस्तव गप्प राहू नये.

आमच्या घरी गोडावर बहिष्कार आहे असे मात्र कोणी समजू नये. संक्रांतीचा तिळगूळ असतो, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत ठरवून घेतलेला खाऊ असतो, आणि तो मागण्यासाठी रडावे लागत नाही. एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांपर्यंतच साखर, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष धरला तर या वयाला दिवसभरात सुमारे 25 ग्रॅम साखर पुष्कळ झाली, आणि 40 ग्रॅमचे एक दुधी चॉकलेट त्यातली बरीचशी एकट्यानेच संपवते.

राहता राहिला प्रश्न वेष्टन दातांनी फाडले गेल्याचा. त्याचे पैसे अर्थातच द्यावेत, परंतु चॉकलेट मुलीला देऊ नये. आमच्याकडे ते पत्नीच्या वाट्याला जाते, आणि या नियमाबद्दल तिची अद्याप तक्रार नाही. आम्ही जातो त्या दुकानाच्या व्यवस्थापकांना मी एक तरी काउंटर गोडाविना ठेवण्याची विनंती केली होती. मांडणी मुख्य कार्यालयातून ठरते, असे त्यांनी सांगितले, मात्र अगदी कडेच्या काउंटरजवळ फक्त बॅटरीचे सेल, दाढीची ब्लेड आणि टूथब्रश असतात हेही त्यांनीच दाखवून दिले. तिथली रांग बहुधा सर्वांत लांब असते. तरी आम्ही तिथेच उभे राहतो.