डेडलाइन, डेडलाइन!

आज दिवसभर कानावर एकच शब्द आदळत होता. फोनवर डेडलाइन, मेलमध्ये डेडलाइन. 'डेडलाइन जरा पुढे ढकलू या,' असं एकजण चहा पिता पिता सहज बोलून गेला. म्हटलं, बाबा रे, ही रेषा एके काळी तसूभरही हलत नव्हती!

अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1864 साली, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथं युद्धकैद्यांचा तुरुंग होता. उंच लाकडी कोटाच्या आत सुमारे 19 फुटांवर एक साधंसं बुटकं कुंपण. तीच 'डेड लाइन'. कैद्यानं ती ओलांडली, की मचाणावरच्या पहारेकऱ्यानं गोळी घालायची. विचारपूस वगैरे काही नाही. पुढे विसाव्या शतकात अमेरिकी वृत्तपत्रांनी बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेला हा शब्द लावला आणि तिथून तो सगळ्यांच्याच मानगुटीवर बसला.

मराठीत 'मुदत' आहे की! पण तिच्यात विनवणीला जागा असते, म्हणून साहेबलोकांना ती मिळमिळीत वाटत असावी. बाकी ते 'सॉफ्ट डेडलाइन' प्रकरण काय असतं, कुणी सांगेल का? गोळी हळूच घालतात की काय?