ऐंशी मिलिमीटरच्या चाकावरून शिकागो

रस्त्यांचा पृष्ठभाग तपासणे हा माझा व्यवसाय असला, तरी जुलैमधल्या त्या दिवशी मी तपासणीच्या गाडीत बसले नाही. शिकागोचा लेकफ्रंट ट्रेल उत्तरेला आर्डमोरपासून दक्षिणेला 71व्या रस्त्यापर्यंत मिशिगन सरोवराच्या काठाने सुमारे 30 किलोमीटर जातो. त्यावर इनलाइन स्केट्स (एका ओळीत चाके असलेले स्केट्स) घालून निवांत फिरावे आणि जमेल तेवढे टिपून घ्यावे, असा बेत होता. सहकाऱ्यांना ती सुट्टीची सबब वाटली. त्यांच्यापैकी बहुतेकांनी हा मार्ग गाडीच्या काचेतूनच पाहिलेला आहे.

ओक स्ट्रीटच्या किनाऱ्याजवळ वाऱ्याने उडालेली वाळू चाकांखाली येते आणि बेअरिंगमध्ये शिरते, त्यामुळे तिथून हळूच सरकावे लागते. चालणारे आणि सायकलवाले यांच्या वाटा 2018 मध्ये वेगळ्या झाल्या. तरीही कानांत गाणी घालून सायकलींच्या वाटेवर रमतगमत चालणारी मंडळी काही कमी झालेली नाहीत. भेगांमध्ये भरलेले रबरमिश्रित डांबर दुपारच्या उन्हात मऊ होते आणि चाक तिथे अचानक ओढले जाते, हे गाडीतून कधीच कळले नसते.

खरा पेच 31व्या रस्त्याच्या किनाऱ्यापलीकडे आला. तो टप्पा आमच्या नोंदींत ‘उत्तम’ होता. प्रत्यक्षात तिथे एक आडवी भेग होती आणि तिची एक कड साधारण 8 मिलिमीटर वर आलेली होती. भेगेत मुरलेले पाणी हिवाळ्यात गोठते, फुगते आणि कड उचलते. माझ्या स्केटच्या 80 मिलिमीटर व्यासाच्या चाकाने ती कड सावकाश चढायची, तर चाकावरील वजनाच्या पाऊणपट आडवे बल लागते. सायकलच्या चाकाला त्याच कडेसाठी पावपटही लागत नाही. मी बाजूला बसून पाहत राहिले. सायकली सरळ जात होत्या, बाबागाड्या डावीकडे वळत होत्या, आणि चारचाकी स्केट्सवरच्या एका वयस्क बाईंनी खाली न पाहता नेमक्या त्या जागी पाऊल उचलले.

आम्ही वापरतो तो खडबडीतपणाचा आंतरराष्ट्रीय निर्देशांक 1982 मध्ये ब्राझीलमध्ये झालेल्या प्रयोगांतून घडला. ताशी 80 किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारीच्या एका चाकाला, त्याच्या स्प्रिंगसह, किती हादरे बसतील याचे तो गणित मांडतो. त्याआधी पृष्ठभागाच्या उंचसखलपणाची 250 मिलिमीटर लांबीवर सरासरी काढली जाते, कारण मोटारीचा टायर बारीक खटके स्वतःच पचवतो. मोटारीपुरते हे अगदी चोख आहे. मोटारींना मज्जाव असलेल्या मार्गाला मात्र तेच माप लावून आम्ही समाधानाने अहवाल देतो, आणि अपंगांच्या सुगमतेचे अमेरिकी नियम सुमारे 6 मिलिमीटरपेक्षा उंच कड उतरती करायला सांगतात, याची आठवण कोणालाच होत नाही.

त्या कडेने निर्देशांक बदलत नसल्याने माझी नोंद वगळावी, असे वरिष्ठांनी सुचवले. मी ती शेऱ्याच्या रकान्यात ठेवली आणि अशा कडांची स्वतंत्र मोजणी करण्याचा प्रस्ताव जोडला. त्यावर त्यांनी विचारले की प्रमाण म्हणून कोणते चाक धरायचे: स्केटचे, बाबागाडीचे की व्हीलचेअरचे पुढचे? हा प्रश्न मात्र रास्त आहे. व्हीलचेअरचे धरावे असे मला वाटते, पण तिची पुढची चाकेही वेगवेगळ्या व्यासांची येतात, आणि प्रस्तावातला तो आकडा मी अजून भरलेला नाही.